थोरली समंजस, धाकटा बंडखोर

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या लघुप्रबंधांची मौखिकी घेण्यासाठी बहिःस्थ परीक्षक म्हणून एका महाविद्यालयात जाण्याचा योग आला. समोर आलेल्या प्रबंधांपैकी एक साठोत्तरी कवितेतल्या एका महत्त्वाच्या कवीवर होता. ‘कवीचे व्यक्तिमत्त्व : जडणघडण’ या दुसऱ्या प्रकरणात, जन्मगाव आणि शालेय शिक्षण यांच्या मधोमध, एक वाक्य होते. कवी भावंडांत सर्वांत धाकटे असल्यामुळे प्रस्थापिताविरुद्धची बंडखोरी त्यांच्या ठायी उपजतच होती, असा त्याचा आशय. वाक्याखाली ॲडलरचे नाव होते. विद्यार्थी हुशार होता, म्हणून मी विचारले, “समजा, हेच कवी घरात थोरले असते, तर तुम्ही काय लिहिले असते?” त्याने क्षणभर विचार केला आणि अत्यंत प्रामाणिकपणे उत्तर दिले, “सर, मग अकाली आलेल्या जबाबदारीतून बंडखोरी आली, असे लिहिले असते.”

खोलीत हशा पिकला. मीही हसलो, त्याला चांगले गुण दिले आणि संध्याकाळच्या एसटीने परत निघालो. गाडीत मात्र ते उत्तर डोक्यातून जाईना. त्या मुलाने नकळत एका संपूर्ण सिद्धान्ताचे मर्म सांगितले होते. थोरला असो, मधला असो वा धाकटा, निष्कर्ष आधीच हाती असतो आणि जन्मक्रम मागाहून त्याला चिकटवला जातो. दोष त्या मुलाचा नव्हता. आपण अध्यापकच मानसशास्त्रीय समीक्षेच्या नावाखाली ॲडलरची चार वाक्ये फळ्यावर लिहून देतो आणि पुढच्या तासाला रूपवादाकडे वळतो. साप्ताहिक पुरवण्यांतही ‘तुमचे मूल कितवे?’ छापाचे लेख वर्षाआड येतच असतात. थोरले जबाबदार, मधले दुर्लक्षित आणि समन्वयवादी, शेंडेफळ लाडावलेले पण कल्पक, ही त्रयी आता म्हणींइतकी रूढ झाली आहे. माझे म्हणणे असे की ही समजूत चुकीची तर आहेच, पण तिचा मोठा अपराध वेगळा आहे. घरातल्या वाटणीला ती स्वभाव म्हणते. हे मी सावकाश मांडतो.

आधी सिद्धान्ताचा इतिहास, थोडक्यात. फ्रान्सिस गाल्टन याने १८७४ साली इंग्लंडमधील वैज्ञानिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात थोरल्या आणि एकुलत्या एक मुलांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे त्याने नोंदवले. गाल्टन स्वतः घरातले शेंडेफळ होता, हा तपशील त्याच्या निष्कर्षावर काही प्रकाश टाकतो की काय, हे मी ॲडलरच्या अनुयायांवर सोडतो. आल्फ्रेड ॲडलर (१८७०-१९३७) याने या कल्पनेला मानसशास्त्राचे रूप दिले. धाकट्या भावंडाच्या आगमनाने थोरल्याचे सिंहासन जाते, तो पदच्युत राजा होतो. मधला सतत पुढच्याला गाठण्यासाठी धावत असतो. धाकट्याला कोणी पदच्युत करू शकत नाही. ॲडलर स्वतः दुसरा होता आणि त्याच्या थोरल्या भावाचे नाव होते सिग्मंड. फ्रॉईडशी त्याचे जे बिनसले त्याचे स्पष्टीकरण यातून देण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मोह गोड आहे, एवढेच.

या कल्पनेला खरी प्रतिष्ठा मिळाली ती फ्रँक सुलोवे यांच्या ‘बॉर्न टू रिबेल’ या १९९६ सालच्या ग्रंथाने. वैज्ञानिक क्रांत्या, युरोपातील धर्मसुधारणा, फ्रेंच राज्यक्रांती अशा घडामोडींतल्या सहा हजारांहून अधिक व्यक्ती तपासून त्यांनी दावा केला की थोरले प्रस्थापिताची पाठराखण करतात आणि धाकटे बंड करतात. सहा भावंडांतला पाचवा चार्ल्स डार्विन हा त्यांचा लाडका दाखला. ग्रंथ वाचनीय आहे, हे मान्य केले पाहिजे. मीही तो रात्र जागून वाचला होता. पण तो संपवताना लक्षात येते की या सिद्धान्ताला चोरवाटा पुष्कळ आहेत. थोरला बंडखोर निघाला तर त्याचे आईवडिलांशी पटत नसणार. धाकटा परंपरानिष्ठ निघाला तर भावंडांच्या वयांतले अंतर जास्त असणार, किंवा तो जात्याच लाजाळू असणार. पालकांपैकी कोणी लवकर वारले असेल, तर आणखी वेगळे गणित. अपवादांची सोय सिद्धान्तातच इतकी प्रशस्त करून ठेवली आहे, की त्याला खोटे पाडण्यासाठी कोणत्या प्रकारचा माणूस जन्माला यावा लागेल, हे सांगता येत नाही. मौखिकीतला माझा विद्यार्थी आणि सुलोवे यांच्यात फरक आहे तो विद्वत्तेचा. युक्तिवादाची चाल तीच.

आकड्यांची बाजूही पाहू. साहित्याच्या लोकांना आकड्यांचे वावडे असते, पण इथे ते टाळून चालणार नाही. सेसिल अर्न्स्ट आणि यूल्स आंग्स्ट या स्विस संशोधकांनी तोवरच्या जन्मक्रमविषयक संशोधनाची झडती घेऊन १९८३ साली एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुख्य आक्षेप इतका साधा आहे की तो आपल्याला आधी का सुचला नाही, याचे आश्चर्य वाटावे. समजा, आपल्या वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत. पाचवे अपत्य असलेला विद्यार्थी किमान पाच भावंडांच्या घरातूनच येणार. थोरले अपत्य असलेला विद्यार्थी मात्र एका अपत्याच्या घरातूनही येऊ शकतो. मोठी कुटुंबे आणि छोटी कुटुंबे यांच्या मिळकतीत, शिक्षणात, राहणीत फरक असतो. मग वर्गातल्या ‘थोरल्यां’ची तुलना ‘पाचव्यां’शी करताना आपण खरे तर छोट्या घरांची तुलना मोठ्या घरांशी करत असतो. ही सरमिसळ दूर केली की स्वभावातला फरक जवळजवळ उरत नाही, असे त्या दोघांनी दाखवले. सुलोवे यांनी त्याच सामग्रीचा वेगळा हिशेब मांडून पाहिला. वाद काही वर्षे चालला.

२०१५ साली दोन मोठे अभ्यास आले. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथील वीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या रोरर, एग्लॉफ आणि श्मुक्ले यांच्या अभ्यासात बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, सौहार्द, कर्तव्यदक्षता आणि कल्पकता यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा परिणाम आढळला नाही. डेमियन आणि रॉबर्ट्स यांनी ३,७७,००० अमेरिकन शाळकरी मुलांची माहिती तपासली. तिथे सापडलेला संबंध इतका क्षीण होता की व्यवहारात त्याला अर्थ नाही. अगदी अलीकडे ॲश्टन आणि ली यांनी नम्रता आणि सहकार्य यांबाबत काही फरक दाखवले आहेत, ते मी लपवणार नाही. पण त्या फरकाचा मोठा वाटा कितवे अपत्य यापेक्षा एकूण भावंडे किती याच्याकडे जातो, असे तेच सांगतात. बुद्ध्यंकात मात्र थोरल्याच्या बाजूने अल्पशी आघाडी बहुतेक अभ्यासांत दिसते. त्या आघाडीबद्दल पुढे बोलायचे आहे, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा आधार तिथे आहे.

“पण सर, अनुभवाला तर येते ना!” हा आक्षेप मला ठाऊक आहे. येते खरे. आपल्या घरातली बारा वर्षांची थोरली सात वर्षांच्या धाकट्यापेक्षा शहाणी दिसते, कारण ती बारा वर्षांची असते. आपण वयाला क्रम समजतो. शिवाय, भावंडांसमोरचे वागणे माणूस बाहेर जसेच्या तसे नेत नाही. घरात धाकट्यांवर डाफरणारा दादा कचेरीत साहेबासमोर मांजर होतो, हे पाहायला मानसशास्त्र लागत नाही. ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८ साली नेमका हाच मुद्दा मांडला होता.

आता आपल्या वाङ्मयाच्या प्रांतात येऊ. इथे थोरला-धाकटा यांची कसोटी लावून पाहिली तर काय होते?

कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, यांचा जन्म १८६६चा. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचा १८६८चा. थोरल्याने ‘तुतारी’ लिहिली आणि मराठी कवितेची वाट बदलली. धाकट्याने ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) लिहून भाषेचे नियम बांधले. सुलोवे यांच्या हिशेबाने हे उलटे व्हायला हवे होते. यावर कोणी म्हणेल की मोरो केशवांनी आधीच्या वैयाकरणांची मते खोडून काढली, तेव्हा तेही बंडखोरच. म्हणू द्या. म्हणणाऱ्याने फक्त एवढे सांगावे, की व्याकरण लिहिणे आणि ‘तुतारी’ लिहिणे या दोन्हींना एकच शब्द लावल्यावर त्या शब्दात उरले काय?

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारा, १९२७पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारा, त्यासाठी नोकरी आणि प्रतिष्ठा गमावणारा, न्यायालयात उभा राहणारा हा माणूस घरातला थोरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात चापेकरांच्या घरात दामोदर थोरला, बाळकृष्ण मधला, वासुदेव धाकटा. पहिला १८९८च्या एप्रिलमध्ये आणि उरलेले दोघे १८९९च्या मे महिन्यात फासावर गेले. त्यांच्या मार्गाविषयी कोणाचे काहीही मत असो, तिन्ही क्रमांकांनी एकच वाट धरली आणि तिच्यावर पहिले पाऊल थोरल्याचे होते, हे नाकारता येत नाही.

सिद्धान्ताला अनुकूल उदाहरणेही आहेत, आणि ती मी मुद्दाम सांगतो. जांबेचे नारायण ठोसर बोहल्यावरून पळाले आणि समर्थ रामदास झाले. थोरले बंधू गंगाधरपंत घर सांभाळून राहिले. यापेक्षा चोख दाखला सुलोवे यांनाही सापडला नसता. पण अनुकूल तेवढे वेचायचे आणि प्रतिकूल ते अपवाद म्हणायचे, ही रीत ज्योतिषाची आहे. शिवाय गंगाधरपंतही ग्रंथकार होते, उपासक होते, हे या दाखल्यात सोयीने गाळले जाते. घरी राहिलेल्या भावाचा स्वभाव कोणी तपासतच नाही. तो घरी राहिला, हाच त्याचा स्वभाव ठरतो.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडे तर या सिद्धान्ताची परीक्षाच घेतात. परंपरेनुसार थोरला निवृत्ती गुरू आणि ज्ञानदेव शिष्य. इथवर क्रम आणि अधिकार जुळतात. पण दार लावून बसलेल्या ज्ञानदेवाला समजावण्याची वेळ आली तेव्हा, ताटीच्या अभंगांनी जपलेल्या स्मृतीनुसार, वडीलपणाचा आवाज लागला तो सर्वांत धाकट्या मुक्ताईचा. वयोवृद्ध चांगदेवांचीही ती गुरू झाली. लाडावलेले शेंडेफळ म्हणून मुक्ताईकडे पाहणारा समीक्षक मला अजून भेटलेला नाही. भेटला तर त्याच्यासमोर मीही ताटी लावून बसेन.

बोल्होबांच्या घरची गोष्ट याहून बोलकी आहे. थोरला सावजी, मग तुकाराम, मग कान्होबा. पत्नीच्या मृत्यूनंतर सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेला गेला आणि संसाराचा, दुकानाचा, देण्याघेण्याचा भार मधल्यावर पडला. मधला एका दिवसात थोरला झाला. पुढे दुष्काळ आला, दिवाळे निघाले, आणि शेवटी ती प्रसिद्ध घटना : कर्जखते इंद्रायणीत सोडण्याचा प्रसंग. या कथेतला एक तपशील आपण घाईत ओलांडतो. तुकोबांनी सगळी खते बुडवली नाहीत. निम्मी कान्होबाच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. वैराग्याच्या त्या परमोच्च क्षणी देखील हिशेब चोख होता, कारण मिताक्षराच्या परंपरेत भाऊ समान वाटेकरी. इंग्लंडसारखी इस्टेट थोरल्याच्या एकट्याच्या घशात जात नाही. वतनाच्या मानपानात वडील घराण्याला अग्रमान असे, त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालत, हे खरे; पण तो भांडणाचा विषय होता, स्वभावाचा नव्हे. वारसाहक्क वेगळा, तिथे भावाभावांतली चुरसही वेगळी. इंग्रज जमीनदाराच्या घरातून निघालेले सूत्र देहूच्या वाण्याच्या घरात जसेच्या तसे बसेल, असे आपण कोणत्या आधारावर मानतो?

तुकोबांच्या या बदललेल्या जागेला आधुनिक संशोधनाचा एक विलक्षण दुजोरा आहे. नॉर्वेतील क्रिस्टेन्सेन आणि ब्येर्केडाल यांनी लष्करभरतीसाठी आलेल्या सुमारे अडीच लाख तरुणांच्या बुद्धिमापनाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. थोरल्यांची सरासरी दुसऱ्यांपेक्षा दोन-तीन गुणांनी वर होती. पण ज्या घरांत पहिले मूल लहानपणीच वारले होते आणि दुसरे मूल थोरले म्हणून वाढले होते, तिथे त्या दुसऱ्याचे गुण थोरल्यांइतकेच होते. म्हणजे जो काही अल्पसा फरक आहे, तो कितवे म्हणून जन्मलात याचा नाही. कोणत्या जागेवर तुम्हाला बसवले गेले, याचा आहे. जागा हे घराने दिलेले पद आहे आणि पदाबरोबर काम येते, अन्न येते, लक्ष येते.

आपल्या भाषेला हे फार पूर्वीपासून कळलेले आहे. इतिहासातले ‘थोरले माधवराव’ हे नानासाहेबांचे दुसरे पुत्र. खरे थोरले विश्वासराव १७६१ साली पानिपतावर पडले. माधवरावांना ‘थोरले’ हे विशेषण चिकटले ते पुढच्या सवाई माधवरावांपासून त्यांना वेगळे ओळखता यावे म्हणून. म्हणजे दुसऱ्याला थोरला करण्याचे काम आधी मृत्यूने केले आणि मग बखरीने. घरात ‘थोरली जाऊ’ ही वयाने धाकटी असू शकते. तिचा थोरपणा नवऱ्याच्या क्रमावर ठरतो, आणि आधणाच्या पाण्यापासून हळदीकुंकवापर्यंतचे हक्क आणि कष्ट त्या शब्दाबरोबर तिच्याकडे येतात. मराठीत थोरला-धाकटा हे शब्द स्वभावाचे वर्णन करत नाहीत. ते पंक्तीतली जागा सांगतात.

महाभारत हे तर एका अर्थाने जन्मक्रमाचेच महाकाव्य आहे. थोरला धृतराष्ट्र आंधळा म्हणून डावलला जातो, धाकटा पंडू राजा होतो, आणि पुढच्या पिढीत थोरला कोण, हा प्रश्न अठरा अक्षौहिणी गिळतो. या सगळ्याखाली एक दडवलेला थोरला आहेच. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा क्रम सांगतो : तू कुंतीचा पहिला, राज्य तुझे. याहून स्वच्छ प्रयोग कोणत्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला असेल? एका प्रौढ माणसाला अचानक कळते की तो भावंडांत सर्वांत थोरला आहे. आणि कर्णात काय बदलते? त्याच्या हक्कांचा सगळा नकाशा बदलतो. माणूस तसूभरही बदलत नाही. तो राधेचाच राहतो, कारण तिने त्याला वाढवले आहे. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मुळे (१९६७) महाभारताकडे माणसांची गोष्ट म्हणून पाहण्याची सवय मराठी वाचकाला लागली. त्या सवयीचा एवढा तरी उपयोग आपण करावा.

आता ज्या उदाहरणामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. बाबासाहेब आंबेडकर हे रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. ‘धाकटे म्हणून बंडखोर’ या सूत्रात हे उदाहरण ठेवून मला एका चर्चासत्रात ऐकवले गेले आहे, आणि ऐकवणाऱ्याचा हेतू गौरवाचाच होता. मी तेव्हा गप्प बसलो, याची मला आजही लाज वाटते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडिलांना भेटण्यासाठी मुले साताऱ्याहून निघाली, मसूर स्टेशनावर उतरली. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि स्वतः बैलगाडी हाकून त्यांना रात्र काढावी लागली आणि वाटेत त्यांना कोणी पाणी दिले नाही. त्या गाडीत भीमराव एकटे नव्हते. थोरला भाऊ होता, बहिणीची मुले होती. पाणी नाकारणाऱ्यांनी कोणालाही विचारले नाही की तू कितवा. चौदापैकी मोजकीच भावंडे जगली, हा त्या घराच्या इतिहासातला खरा जन्मक्रम. त्यावर बोलायचे तर सैन्यातल्या सुभेदाराचे निवृत्तिवेतन, औषधपाणी आणि अस्पृश्यता यांवर बोलावे लागेल. महाडचे तळे धाकटेपणाच्या खात्यावर जमा करणारी समीक्षा ही मानसशास्त्रीय नाही. ती इतिहासापासून पळ काढण्याची सोय आहे.

आणि जन्मक्रमाचा परिणाम या देशात पाहायचाच असेल, तर तो पाहण्याची जागा वेगळी आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली भारत आणि आफ्रिकेतील लाखाहून अधिक मुलांच्या उंचीची तुलना मांडली. भारतातली मुले खुजी राहण्यामागे क्रम आणि थोरल्या मुलग्याची आस यांचा मोठा हात आहे, असे त्यांचे प्रतिपादन. नंतरच्या काही संशोधकांनी त्यावर कुटुंबाच्या आकाराचा तोच जुना आक्षेप घेतला आहे, तेव्हा मी त्या निष्कर्षाची शपथ वाहणार नाही. जो दंडक सुलोवेंना, तोच माझ्या बाजूच्या पुराव्याला. पण साताऱ्याच्या बाबतीत आक्षेपाला जागा नाही. २०११च्या ऑक्टोबरमध्ये त्या जिल्ह्यात २८०हून अधिक मुलींची नावे सरकारी समारंभात बदलण्यात आली. त्यांचे पाळण्यातले नाव होते नकोशी, नकुसा. पहिलीला असे नाव कोणी ठेवत नाही. ते ठेवले जाते तिसरीला, चौथीला, मुलाची वाट पाहून थकल्यावर. जन्मक्रम इथे नावात कोरलेला आहे. त्या मुलीचा स्वभाव ‘मधल्या अपत्याचा’ आहे की ‘शेंडेफळाचा’, याची चर्चा तिच्यासमोर करण्याचे धाडस कोणी करून दाखवावे.

अशा वेळी ‘स्वभाव’ हा शब्द काय काम करतो, ते मी माझ्याच घरात पाहिले आहे. आम्ही तिघे. ताई थोरली, मी मधला, मग धाकटा भाऊ. आमच्या घरी, नातेवाइकांत, आळीत ताईबद्दल एकच शब्द वापरला जाई : समंजस. ‘थोरली ना, जात्याच समंजस.’ वडिलांच्या आजारपणात ती दहावीनंतर घरी बसली तेव्हाही हाच शब्द होता. पहाटेचे पाणी, आमचे डबे, वडिलांच्या औषधाच्या वेळा, धाकट्याचा अभ्यास. मी मराठी घेऊन बी.ए. करायचे ठरवले तेव्हा घरात थोडा विरोध झाला. मी चार दिवस जेवलो नाही, आणि माझ्याविषयी म्हटले गेले : मधला हट्टीच असतो. माझा हट्ट पुरवण्याइतकी जागा त्या घरात उरली होती, कारण ताईने आपली जागा रिकामी केली होती. हे मला कळायला एम.ए. आणि पुढची दहा वर्षे लागली. मधल्या काळात ॲडलर वाचून मी तिला एकदा समजावूनही सांगितले होते, की थोरल्या मुलींत उत्तरदायित्वाची जाणीव अधिक असते. ती पोळ्या लाटत होती. “असेल,” म्हणाली.

परवाच्या भाऊबीजेला तिच्याकडे गेलो होतो. तिची नात चित्रे काढत बसली होती, आणि मी बोलण्याच्या ओघात पुन्हा तोच शब्द वापरला : ताई, तू मुळातच समंजस होतीस. तिने निरांजनातली वात सारखी केली. मग आतून एक जुना पत्र्याचा डबा आणला. त्यात शिसपेन्सिलींची तीन थोटके होती आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेची, फी भरल्याची पावती. परीक्षेच्या दिवशी वडिलांना तालुक्याला दवाखान्यात न्यायचे होते. “समंजस नव्हते रे,” ती म्हणाली, “कोणी विचारलंच नाही.” आणि नातीला म्हणाली, झाडाला हिरवा रंग जरा पातळ दे.